धोंडप्पांचा तेलकट कागद

आमच्या दिंद्रुडात शास्त्रज्ञ एकच झाला आणि तो चौथी पास होता. हे मी कुठंही बोललो की ऐकणारा हसतो. हसू दे बापडा. त्या माणसाला हसण्याचा पहिला मान माझाच आहे. गावच्या हायस्कुलात मी एकोणतीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि त्यातली कितीतरी वर्षं या माणसाला मी निव्वळ साखर तोलणारा दुकानदार समजत होतो. तापट माणसाला स्वतःची चूक लवकर दिसत नाही, आणि दिसली की पाठ सोडत नाही. म्हणून हे लिहायला बसलोय.

त्यांचं नाव धोंडप्पा मेनकुदळे. एसटी थांब्यापासून हाकेच्या अंतरावर त्यांचं किराणा दुकान. कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, अंगात दोन खिशांची बंडी आणि डोक्यावर पांढरी टोपी. दुकानात साखर, चहापत्ती, तंबाखू, करडईचं तेल, चार गावांच्या दुकानात असतं ते सगळं. पण त्यांना किराणावाले असं कुणी म्हणत नसे. ते बत्तीवाले आप्पा. दुकानाच्या मागं बिनखिडकीची एक खोली होती आणि तिच्यात आढ्याला चौदा गॅसबत्त्या टांगलेल्या असत.

गॅसबत्ती ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. खाली पितळेची टाकी, तिच्यात रॉकेल. पंप मारून हवा भरायची. वर काचेच्या आत जाळीचं मेंटल, ते पेटलं की पांढराशुभ्र उजेड पडतो आणि बत्ती सूंऽऽ करत राहते. लग्न असो, कीर्तन असो, तमाशा असो, पंचवीस-तीस वर्षं आमच्या भागातला रात्रीचा उजेड आप्पांच्या खोलीतून निघत होता.

भाड्यानं बत्त्या देणारे माजलगावातही होते, केजातही होते. पण आप्पांचा एक नेम होता. खोलीतून निघणाऱ्या सगळ्या बत्त्या तंतोतंत सारख्या उजेडाच्या पाहिजेत. एक उजवी, एक डावी चालणार नाही.

“एक बत्ती भडकलेली आन् एक मेलेली,” ते म्हणायचे, “आसल्या उजेडात नवरीचं अर्धंच तोंड दिसतंय. लोकायनी कावून माझ्या नावानं खडे फोडावं?”

ते बत्त्या सारख्या कशा करत, हे मी एकदा भर दुपारी पाहिलं. काडेपेटी आणायला गेलो होतो. गल्ल्यावर त्यांच्या पत्नी शांतादेवी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “आत हायेत. दार लावून बसलेत. उद्याच्याला लगीन हाय न्हवं का.” मी दार लोटलं. खोलीच्या दोन टोकांना दोन बत्त्या पेटलेल्या आणि बरोबर मध्ये दोरीला चिमट्यानं एक कोरा कागद लावलेला. कागदाच्या मधोमध करडईच्या तेलाचा रुपयाएवढा डाग. आप्पा त्या डागाकडं एकदा या अंगानं बघत, एकदा त्या अंगानं. ज्या बाजूची बत्ती जोरात असेल त्या बाजूनं डाग काळा दिसतो, मंद बत्तीच्या बाजूनं तोच डाग उजळ दिसतो. आप्पा मंद बत्तीला दोन पंप मारत, पुन्हा बघत. शेवटी एक क्षण असा आला की डाग दिसेनासाच झाला. जणू कागदाला तेल लागलंच नव्हतं.

“झाल्या सारख्या,” आप्पा म्हणाले आणि एक बत्ती काढून तिथं तिसरी आणून ठेवली.

ही युक्ती त्यांना कुणी शिकवली नव्हती. एका लग्नात दोन बत्त्यांच्या मध्ये बसून भजी खाताना हातातल्या कागदावरचा डाग गायब झालेला त्यांना दिसला, इतकंच. दुसरा असता तर त्यानं कागद चुरगाळून फेकला असता. मी तर नक्कीच फेकला असता.

या कागदाच्या नादानं ते पुढं बरंच काही ताडून बसले होते. मांडव दुप्पट उंच घालणाऱ्याला ते सांगत, बत्त्या चौपट लागतील. लोक म्हणत, आप्पा आपला धंदा बघतोय. आणखी एक गोष्ट सगळ्या गावाला माहीत होती. बाहेरगावचं वऱ्हाड आप्पांच्या बत्त्या घेऊन रात्री येत असलं की मुलीकडचे लोक त्यांनाच विचारायचे, “आप्पा, वऱ्हाड कुठवर आलं?” आप्पा ओट्यावर उभे राहून डोळा बारीक करून लांबचा उजेड बघत आणि सांगत, अर्धा कोस, पाव कोस. सगळ्या बत्त्या सारख्या केलेल्या, तेव्हा जेवढी मंद दिसते तेवढी लांब, असा सरळ हिशेब होता.

चौऱ्याण्णव-पंच्याण्णवची गोष्ट असेल. मी सकाळी साखर आणायला गेलो तर आप्पांनी तराजू बाजूला ठेवला.

“सर, तुमी विज्ञानाचे हायेत म्हणून इचारतो. दोन हातांवर एक बत्ती ठिवली, तर चार हातांवरून तेवढाच उजेड पाडायला दोन न्हाई, चार बत्त्या लागतेत. सहा हातांवरून नऊ. फुडं सोळा लागतील आसं वाटतंय, पर माझ्यापशी बत्त्याच चौदा हायेत. हे कुठं पुस्तकात लिवलेलं हाय का? का माझ्याच डोळ्याचा भरम हाय?”

त्या दिवशी शाळेत तपासणी होती आणि माझं डोकं आधीच तापलेलं. मी म्हणालो, “आप्पा, ते तुमचं हातांचं गणित राहू द्या. आधी साखर द्या, घंटा व्हायची वेळ झालीय.”

त्यांनी साखर दिली. वर चिमूटभर जास्तच दिली. आणि मी शाळेत जाऊन नववीच्या फळ्यावर लिहिलं, प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. पोरांकडून पाच वेळा घोकून घेतलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. तो नियम सकाळी तराजूमागं उभा राहून मला प्रश्न विचारत होता आणि मला तो ओळखू आला नाही.

आप्पांनी बरेच दिवस पुन्हा विचारलं नाही. पण त्यांचा जीव त्यात अडकला होता, हे मला शांतादेवींकडून कळायचं. त्या एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या, “तुमच्या सरांना म्हणावं, ह्यांना एकदाचं सांगा. खरं हाय म्हणलं तर समाधान, खोटं हाय म्हणलं तर नाद सोडतील. चौदा बत्त्या मांडून बसतेत दुपारचं. लई जीवाला लावून घेतलंय.” बायकोनं निरोप दिला. मी हो म्हणालो आणि विसरलो.

दरम्यान दिवस झपाट्यानं बदलत होते. गावात डिश अँटेना आली, केबल आली, आप्पांच्याच दुकानाच्या थंड पेटीत काळ्या पाण्याच्या बाटल्या आल्या. लग्नाला जनरेटर येऊ लागला, त्याच्यामागं हॅलोजन, रंगीत माळा आणि कानठळ्या बसवणारा बेंजो. गॅसबत्ती मागायला कुणी येईना. आप्पांचा मुलगा रवि पंचविशीचा, हुशार. त्याला मागच्या खोलीत एसटीडी बूथ टाकायचा होता. त्यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. गावातल्या निम्म्या घरांची माणसं ऊसतोडीला लांब कारखान्यांवर गेलेली असत. त्यांच्याशी बोलायला कुठं तरी फोन पाहिजेच होता. पण तो एकदा आप्पांसमोर बोलून गेला, “आप्पा, ह्या पितळी डबड्यांत आता काय राहिलंय?”

दुसऱ्या दिवशी आप्पा मला म्हणाले, “बत्त्या जाऊ द्या सर, वस्तू हाय, जाणारच. पर माझा हुन्नर खरा व्हता का खोटा, तेवढं कळायला पायजे व्हतं.”

मी काय केलं? मान हलवली. मास्तर लोक मान फार छान हलवतात.

अठ्ठ्याण्णवच्या सुरुवातीला, एका रविवारी अकराच्या एसटीनं पेपर आला. मी आप्पांच्या बाकावर बसून तो मोठ्यानं वाचत होतो, तशी माझी सवय. आतल्या पानावर छोटीशी बातमी होती. अतिशय दूरवर फुटलेले तारे शास्त्रज्ञांना सापडले होते. त्यांना अतिनवतारे म्हणतात. त्यांचा उजेड पृथ्वीवर पोचायला जवळजवळ पाचशे कोटी वर्षं लागली. आणि हे तारे अपेक्षेपेक्षा मंद दिसले, म्हणजे अपेक्षेपेक्षा लांब आहेत, म्हणून विश्व फुगण्याचा वेग वाढतो आहे, असं त्या लोकांचं म्हणणं होतं.

आप्पा पुडी बांधता बांधता थांबले. “मंद दिसले म्हणून लांब हायेत? मंग त्या सगळ्या सारख्या हायेत का?”

“कोण सगळ्या?”

“बत्त्या.”

“आप्पा, तारे आहेत ते. बत्त्या नव्हेत,” मी म्हणालो आणि बाकावरचे दोघं-तिघं खो-खो हसले. मीही हसलो. आप्पांनी पुडीला दोरा गुंडाळला.

मजा पुढंच आहे. वर्गात तीच बातमी मी ऐटीत सांगितली, तर पहिल्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, “सर, इतक्या लांबचं अंतर कसं मोजतात?” मी म्हणालो, “दुर्बिणीनं. बस खाली.” बसताना तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला पुढं तास घेता येईना. मला उत्तर येत नव्हतं. घरी येऊन जुनी पुस्तकं उलथीपालथी केली, तरी आलं नाही. शेवटी औरंगाबादच्या एका कॉलेजातल्या प्राध्यापिका, मनिषा मॅडम, यांना पत्र घातलं की विज्ञान दिनाला आमच्या शाळेत या आणि हा विषय मुलांना समजावून सांगा. यायला त्यांना वर्ष लागलं, पण आल्या. नव्व्याण्णवच्या फेब्रुवारीतला शेवटचा शनिवार ठरला.

अडचण एकच होती. आमच्याकडं रोज सकाळी अकराला वीज जायची ती दुपारी दोनला यायची. मॅडमची एसटी उशिरा आली की कार्यक्रम अंधारात. स्लाइड दाखवायच्या म्हणून हॉलच्या खिडक्यांवर आम्ही सतरंज्या ठोकलेल्या. म्हणून आदल्या संध्याकाळी मी आप्पांकडं गेलो. मागच्या खोलीत बत्त्या खाली उतरवून पोत्यांत भरलेल्या होत्या. सकाळी बंकट भंगारवाला न्यायला येणार होता.

“दोन ठेवा, आप्पा. उद्या शाळेला लागतील. भाडं शाळा देईल.”

“आन् पंप माराया?”

“तुम्हीच या की.”

इतक्या मोठ्या विषयावर गावात व्याख्यान होतं, त्या बातमीवर पहिला नेमका प्रश्न विचारणारा माणूस आप्पा होते, आणि मी त्यांना बोलावलं ते पंप मारायला. आज लिहितानाही कान गरम होतात.

सकाळी बंकट बारा बत्त्या घेऊन गेला. आप्पांनी एकेक पोत्यातून काढून, धडप्यानं पुसून दिली म्हणे. बंकट म्हणाला, “आप्पा, भट्टीत जाणार हायेत, पुसता कशाला?” आप्पांनी पुसायचं थांबवलं नाही.

मॅडमची एसटी खरंच उशिरा आली. त्यांनी पहिली स्लाइड लावली, एका आकाशगंगेचा फोटो आला, पोरं “अबबऽऽ” म्हणाली आणि वीज गेली. हॉल काळाकुट्ट झाला. मागच्या भिंतीशी आप्पा आणि रवि होते. दोन मिनिटांत सूंऽऽ आवाज आला, पांढरा उजेड पडला. एक बत्ती टेबलावर आली, एक मागं राहिली. मॅडम जराही डगमगल्या नाहीत. चाळिशीच्या, सुती साडी, आवाज खणखणीत.

“बरं झालं,” त्या म्हणाल्या, “ताऱ्यांबद्दल बोलायचं तर दिवेच बरे.”

त्यांनी सांगितलं ते मी थोडक्यात सांगतो. काही तारे विझत आलेले असतात. असा एखादा तारा शेजारच्या ताऱ्याचं द्रव्य ओढून घेत राहतो. घेता घेता त्याचं वजन एका ठरावीक मापाला पोचलं की तो फुटतो. माप ठरलेलं, म्हणून स्फोटाचा उजेडही जवळजवळ ठरलेला. अशा एका ताऱ्याचा उजेड अख्ख्या आकाशगंगेच्या तोडीचा असतो, म्हणून तो अफाट अंतरावरून दिसतो.

“म्हणजे ही एकसारख्या दिव्यांची माळ आहे,” मॅडम म्हणाल्या. “जितका मंद, तितका लांब.”

मी मागं वळून पाहिलं. आप्पा बत्तीचा पंप धरून उभे होते. त्यांची नजर मॅडमवर खिळली होती.

“आता मला सांगा,” मॅडमनी मुलांना विचारलं, “ही बत्ती आहे त्याच्या दुप्पट लांब नेली, तर तुमच्या वहीवर किती उजेड उरेल?”

“अर्धा!” सगळा हॉल एका सुरात ओरडला. माझीच पोरं, तोच नियम दर वर्षी पाच वेळा घोकलेली. मी खाली बघितलं.

“चौथाई,” मागून आवाज आला.

मॅडमनी मान वर केली. “कोण बोललं?”

“मी. बत्तीवाला.”

“कशावरून म्हणता, काका?”

“करून बघितलंय.”

हॉलमध्ये कुणीतरी फिस्सकन हसलं. मॅडम व्यासपीठावरून उतरल्या आणि बाकांमधून चालत थेट त्यांच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. “दाखवाल?”

आप्पांनी बंडीच्या खिशातून चार घड्यांचा कागद काढला. बारा बत्त्या भट्टीत निघाल्या होत्या, तरी कागद खिशातच होता. मग ते रविकडं वळले. “रव्या, पळ. दुकानातून मेणबत्त्या आण. एकाच पुड्यातल्या आण बरं का.”

मेणबत्त्या आल्या. बत्त्या बाजूच्या वर्गात नेऊन ठेवल्या. बाकांची रांग लावून आप्पांनी कोपरापासून बोटापर्यंत हात मोजला, मध्ये कागद टांगला. या अंगाला दोन हातांवर एक मेणबत्ती. त्या अंगाला चार हातांवर आधी दोन लावल्या. डाग दिसतोय. तीन लावल्या. अजून दिसतोय, फिका. आप्पांनी चौथी पेटवली, आणि डाग गेला. पोरं बाकांवरून उड्या मारून पुढं आली, ओळ करून एकेक जण बघू लागला. मघाशी हसणाराही ओळीत होता. हातच्या काकणाला आरसा कशाला!

मॅडमनी दोन्ही बाजूंनी कागद बघितला. पुन्हा बघितला. “हे तुम्हाला कुणी शिकवलं?”

“कुणी न्हाई. मॅडम, मला एकच सांगा,” आप्पा म्हणाले. “दुप्पट लांब गेलं की चौपट बत्त्या. हे खरं हाय का? लई वर्सं झाली इचारतोय.”

“खरं आहे,” मॅडम म्हणाल्या. “जगातल्या प्रत्येक शाळेच्या पुस्तकात आहे.”

“बत्त्यांचंच, का समद्या उजेडाचं?”

“सगळ्या उजेडाचं. सूर्याचं, ताऱ्यांचं. हे तारे ज्यांनी मोजले, त्यांनी हाच नियम वापरला. वेगळं काही नाही, आप्पा. हाच.” त्यांचं नाव मॅडमना एव्हाना पोरांनी सांगितलं होतं.

आप्पांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. रवि त्या कागदाजवळ उभा होता. इतकी वर्षं त्या खोलीत वावरून त्यानं तो डाग कधी बघितला नव्हता. आता तो वाकून एकदा या अंगानं, एकदा त्या अंगानं बघत होता, अगदी बापासारखा डोळा बारीक करून. मला भरून आलं, हे सांगायला मला लाज नाही.

मला वाटलं, झालं. पण आप्पा खाली बसेनात. त्यांनी एक बोट वर केलं, वर्गात करतात तसं.

“एक शंका हाय. ते तारे मंद दिसले म्हणून लांब हायेत, आसं ते लोक म्हणतेत. पर मधी धुरळा आसला तर? धुरळ्यानंबी बत्ती मंद दिसती.”

मॅडम हळू म्हणाल्या, “आप्पा, ही बातमी आली तेव्हा जगातल्या शास्त्रज्ञांनी पहिला प्रश्न हाच विचारला होता. हाच. तुम्हाला कसा सुचला?”

सगळा हॉल त्यांच्याकडं बघत होता. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी मी गावात इतकी वर्षं राहून कधी ऐकली नव्हती.

“बावीस वर्सं झाली. गावातल्या एका पोरीचं लगीन व्हतं. धर्मापुरीचं वऱ्हाड बैलगाड्यांनी येणार व्हतं. माझ्या धा बत्त्या त्यांच्या म्होरं गेलत्या. पोरीच्या बापानं मला इचारलं, वऱ्हाड कुठवर आलं? मी ओट्यावरून बघितलं. बत्त्या लई बारीक दिसत व्हत्या. म्हणलं, अजून पाऊण कोस हाय, सावकाश च्या घ्या. आन् च्या प्यायच्या आत वऱ्हाड वेशीत! ना कुणी ओवाळाया, ना पाय धुवाया, ना वाजंत्री. व्याही रुसला, गाड्या माघारी फिरवाया निघाला. पोरीचा बाप रडाया लागला. मी भर वेशीत त्या व्याह्याच्या पायावर टोपी ठिवली. म्हणलं, माझी चूक हाय, पोरीची न्हाई. तवा कुठं लगीन लागलं.”

कुणी हसलं नाही.

“रातभर इचार केला, बत्त्या सारख्या व्हत्या, मंग चुकलं कावून? चाळीस गाड्यांचा धुरळा उडालता. त्या धुरळ्यानं उजेड खाल्ला. तवापासून मी रंग बघाया लागलो. धुरळ्यातली बत्ती तांबूस दिसती. लांबची बत्ती बारीक दिसती, पर पांढरीची पांढरी. त्याच्यानंतर मी एकबी वऱ्हाड चुकलो न्हाई.” ते मॅडमकडं वळले. “म्हणून इचारतो. त्या लोकांनी रंग बघितला का?”

मॅडमचे डोळे चमकत होते, ते मेणबत्त्यांमुळं नव्हे. “बघितला, आप्पा. वेगवेगळ्या रंगांच्या काचांतून मोजून बघितला. अवकाशातल्या धुळीनंही उजेड तांबूस होतो, तुम्ही म्हणता तसाच. पण हे तारे धुळीतल्यासारखे तांबूस नव्हते. म्हणून ते म्हणाले, मधे धूळ नाही. तारे खरंच लांब आहेत. सगळ्यांना वाटत होतं, विश्वाचं फुगणं एकमेकांच्या ओढीनं हळू होत असेल. निघालं उलटंच.”

“म्हंजे वरात हळू व्हायला पायजे व्हती, ती पळाया लागली.”

“अगदी तसं.”

“कावून पळती?”

“ते अजून कुणालाच माहीत नाही.”

आप्पांनी यावर मान डोलावली. न कळण्याचं त्यांना काही वाटलं नाही. न कळण्याबरोबर त्यांनी बरीच वर्षं काढली होती.

माझ्याच्यानं मग राहवलं नाही. मी उठलो. माझे विद्यार्थी, मुख्याध्यापक, गावची मंडळी, सगळी समोर होती आणि मला त्यांच्यासमोरच बोलायचं होतं. मी म्हणालो, “आप्पांनी हा प्रश्न आधी मला विचारला होता. एकदा नाही, दोनदा. उत्तर माझ्या पुस्तकात होतं आणि मी त्यांना साखर मागितली. आप्पा, तुमचं बरोबर होतं. मी चुकलो.”

सगळा हॉल उठून टाळ्या वाजवू लागला. रवि सगळ्यांत जोरात वाजवत होता. टाळ्या ओसरल्या तेव्हा आप्पांनी दोरीवरचा कागद उतरवला, त्याच्या जुन्याच चार घड्या केल्या आणि खिशात ठेवला. मग माझ्याकडं बघून, पाचशे कोटी वर्षं लांबचा हिशेब तपासून सही करावी तशा आवाजात म्हणाले,

“माझं तर हायच सर. पर त्या लोकांचंबी बराबर हाय.”